पांढरा चुना आणि नाव नसलेल्या कबरी



२०२५ साली मंडळाच्या होळीच्या कार्यक्रमाला आम्ही दोघं नव्हतो. परत आल्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "पुण्याला गेला होतात का?" आम्ही म्हटलं, "नाही, लायबेरियाला." एकाला वाटलं आम्ही लिबियाच म्हणतोय. दुसऱ्याने विचारलं, "जगातल्या निम्म्या जहाजांवर ज्यांचा झेंडा असतो तो देश ना?" निम्म्या नसतील, पण देश तोच. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा, महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. संपादक तेव्हापासून मागे लागले आहेत, म्हणून हा लेख.

आम्ही तिथे गेलो ते एका मैत्रिणीच्या शब्दासाठी. आमच्यापैकी एकीने फिलाडेल्फियाच्या हॉस्पिटलात वर्षानुवर्षं रात्रपाळी केली, ती हिच्याबरोबर. डब्यातली पोळी आणि तिचा भात-कसावाची भाजी यांची अदलाबदल होत होत मैत्री घट्ट झाली. बाई लायबेरियातल्या निंबा भागातली. घानाच्या निर्वासितांच्या छावणीत काही वर्षं काढून इथे आली. दक्षिण-पश्चिम फिलाडेल्फियात, वुडलंड ॲव्हेन्यूच्या आसपास, तिच्यासारखी कितीतरी लायबेरियन कुटुंबं आहेत. निवृत्त झाल्यावर एक दिवस ती घरी आली आणि पन्नास डॉलरची नोट आणि एक चिठ्ठी पुढे ठेवली. चिठ्ठीवर तिच्या थोरल्या भावाचं नाव होतं. म्हणाली, "तुम्ही लोक सगळीकडे फिरता. एकदा माझ्या गावीही जा. डेकोरेशन डेला या पैशांचा चुना घ्या, आणि त्याचं नाव मोठ्याने घ्या. मला त्या आवारात पाय ठेववत नाही."

डेकोरेशन डे म्हणजे मार्चमधला दुसरा बुधवार. लायबेरियात त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. लोक झाडू, बादल्या आणि कुंचले घेऊन कबरस्तानात जातात, गवत उपटतात, कबरींना पांढरा चुना मारतात, फुलं वाहतात. आपली सर्वपित्री अमावस्याच म्हणा ना. पण आपल्याकडे ज्याची तिथी माहीत नाही त्याचंही त्या दिवशी होऊन जातं. त्यांच्याकडे कबर लागते. आणि आमच्या मैत्रिणीच्या भावाला स्वतःची कबर नाही.

थोडा इतिहास सांगायला हवा. अमेरिकेतून सुटका झालेल्या आणि मुक्त कृष्णवर्णीयांना १८२२ पासून या किनाऱ्यावर वसवण्यात आलं. राजधानीला अमेरिकेचे अध्यक्ष मन्रो यांच्या नावावरून मन्रोव्हिया म्हणतात. २६ जुलै १८४७ ला देश स्वतंत्र झाला. अमेरिकेहून आलेल्या मूठभर घराण्यांनी सव्वाशेहून अधिक वर्षं राज्य केलं आणि तिथल्या मूळच्या सोळा जमाती बाहेर राहिल्या. १९८० मध्ये सॅम्युअल डो या लष्करातल्या सार्जंटने सत्ता घेतली. २४ डिसेंबर १९८९ ला चार्ल्स टेलरची माणसं निंबामधून आत घुसली आणि युद्ध पेटलं. मधल्या दोन वर्षांची उसंत सोडली तर ते २००३ पर्यंत चाललं. सुमारे अडीच लाख माणसं मेली असं म्हणतात.

टेलरचे लोक निंबातून आले, म्हणून तिथल्या गिओ आणि मानो जमातींवर सरकारी सैन्याचा राग. जुलै १९९० मध्ये त्या जमातींची कुटुंबं मन्रोव्हियाच्या सिंकोर भागातल्या सेंट पीटर्स लुथरन चर्चमध्ये आसऱ्याला आली होती. वर रेड क्रॉसचा झेंडा होता. २९ जुलैच्या रात्री सैनिक आत शिरले आणि सुमारे ६०० माणसं मारली गेली. त्यांत बायका होत्या, तान्ही मुलं होती. प्रेतं आवारातच सामुदायिक खड्ड्यांत पुरली. मैत्रिणीचा भाऊ त्यांतला एक.

ब्रसेल्समार्गे आम्ही रॉबर्ट्स विमानतळावर उतरलो. विमानतळाशेजारीच फायरस्टोनची रबराची बाग आहे, १९२६ पासूनची. बाहेर पडल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती माती. लाल, अगदी रत्नागिरीच्या जांभ्यासारखी. पाऊसही तिथे कोकणाला लाजवील असा, पण मार्चमध्ये नुसता धुरळा. बाजारात उकड्या तांदळाची पोती रचलेली, त्यांवर भारताचं नाव. तिथे भात खाल्ला नाही तर जेवण झालं असं कोणी मानत नाही. कसावाचा कंद, ज्यापासून आपला साबुदाणा होतो, त्याचा पाला कुटून भाजी करतात. शाकाहारी मंडळींनी मात्र आधी विचारावं, कारण भाजीत मासा आणि मांस गुण्यागोविंदाने नांदतात. आम्हाला सगळे "ओल्ड मा", "ओल्ड पा" म्हणू लागले. पहिल्या दिवशी जरा वाईट वाटलं. मग कळलं, आपण आजी-आजोबा म्हणतो तोच तो मान.

बुधवारी सकाळी चुना आणि दोन कुंचले घेऊन सिंकोरला निघालो. वाटेत सेंटर स्ट्रीटवरच्या पाम ग्रोव्ह कबरस्तानापाशी जत्रेसारखी गर्दी होती. पोरं बादल्या घेऊन गिऱ्हाइकं शोधत होती. सेंट पीटर्सच्या आवारात मात्र शांतता. जमिनीवर मोठे पांढरे तारे केले आहेत, तीच कबर. कोणाचं डोकं कुठे, पाय कुठे, काही कळायला मार्ग नाही. चर्चमधल्या दोन बायका झाडत होत्या. आम्ही आमचं काम सांगितलं. त्यांतली वयस्कर बाई म्हणाली, "तुमच्या माणसाचा कोपरा वेगळा नाही. चुना मारायचा तर सगळ्यांना मारा." म्हणून सगळ्यांना मारला. उन्हात दोन तास लागले, गुडघे बोलू लागले. शेवटी चिठ्ठी काढली. मोठ्याने नाव घ्यायचं होतं, पण पहिल्यांदा आवाजच फुटेना. दुसऱ्यांदा घेतलं. दोघी बायकांनी आमच्या मागून तेच नाव घेतलं, आणि मग त्यांची स्वतःची काही नावं घेतली. आम्ही देवळात जाणारी माणसं. काय करावं ते सुचेना, म्हणून आम्ही नुसता नमस्कार केला.

याच चर्चची दुसरी गोष्ट सांगायलाच हवी. २००२ मध्ये लेमा बोवी या तरुण लुथरन बाईने इथेच बायकांना प्रार्थनेला गोळा करायला सुरुवात केली. युद्धातून वाचलेल्यांची मनं सावरायला लुथरन चर्चने १९९८ मध्ये काम सुरू केलं होतं, त्यात ती राबलेली होती. मुसलमान बायकाही येऊन मिळाल्या. २००३ मध्ये त्या पांढरे कपडे घालून सिंकोरच्या मासळी बाजाराजवळच्या मैदानात रोज बसल्या, उन्हात आणि पावसात. एप्रिलमध्ये टेलरला त्यांना भेटावंच लागलं. घानाच्या अक्रा शहरात वाटाघाटी रेंगाळल्या तेव्हा काहीजणी तिथे गेल्या आणि हात गुंफून सभागृहाच्या दारात बसल्या. पुरुषांना सही केल्याशिवाय बाहेर सोडणार नाही म्हणाल्या. ११ ऑगस्टला टेलर पायउतार झाला आणि १८ ऑगस्टला करार झाला. बोवी यांना आणि पुढे देशाच्या अध्यक्ष झालेल्या एलेन जॉन्सन सर्लीफ यांना २०११ चं शांततेचं नोबेल मिळालं, येमेनच्या तवक्कुल कर्मान यांच्याबरोबर. ते मैदान आम्ही पाहिलं. शेजारून गाड्या धावतात, कोळणी टोपल्या घेऊन जातात. माहीत नसेल तर लक्षही जाणार नाही.

आम्ही भारतातले म्हटल्यावर दोन गोष्टी हमखास निघायच्या. पहिली अभिमानाची. जानेवारी २००७ मध्ये भारताच्या महिला पोलिसांची तुकडी संयुक्त राष्ट्रांतर्फे इथे आली. जगातली तशी ती पहिलीच. २०१६ पर्यंत एकामागून एक नऊ तुकड्या येऊन गेल्या. त्या रात्री गस्त घालायच्या, मुलींना स्वसंरक्षण शिकवायच्या, नाचही शिकवायच्या. लायबेरियाच्या सुरक्षा यंत्रणेत बायकांचं प्रमाण त्या काळात ६ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर गेलं. एका चर्चबाहेर भाजी विकणारी बाई आमच्यातल्या साडीवालीला सलाम ठोकून हसली, तेव्हा आम्हालाही उगाच पोलीस झाल्यासारखं वाटलं.

दुसरी गोष्ट लोक जपून काढायचे. २०१४-१५ मध्ये इबोलाने लायबेरियात सुमारे ४,८०० माणसं नेली. प्रेतांतून साथ पसरत होती, म्हणून सरकारने मन्रोव्हियातल्यांना दहनाचा हुकूम काढला. दहनाची सोय देशात एकाच ठिकाणी होती, ती तिथल्या भारतीयांच्या स्मशानात. आपल्याला दहन म्हणजे सद्गती. त्यांना ते माणूस दुसऱ्यांदा मारण्यासारखं वाटलं, कारण डेकोरेशन डेला जायचं कुठे? लोक आजारी माणसं लपवू लागले. डिसेंबरमध्ये डिस्को हिल इथे दफनभूमी सुरू झाली आणि दहन थांबलं. २०१५ च्या मार्चमध्ये ती राख पिंपांतून तिथे नेली, तेव्हा नातेवाइकांना कुठेतरी उभं राहायला जागा मिळाली. आम्ही डिस्को हिललाही गेलो. गोऱ्यागोमट्या ओळीत कबरी आहेत, आणि राखेच्या जागेपुढे घरचे लोक नेमकं कुठे बघावं ते न कळून उभे असतात.

रविवारी आम्ही आत, बाँग भागात होतो. मन्रोव्हियाहून बांगापर्यंत साधारण १९० किलोमीटर. युद्धात टेलरचा तळ इथेच होता. वाटेत सुआकोकोला लुथरनांचं फेबी हॉस्पिटल लागतं. इबोलात तिथल्या नर्सेसही गेल्या. आमच्यातली नर्स त्या दारात बराच वेळ थांबली.

गावातलं चर्च म्हणजे सिमेंटच्या विटा आणि वर पत्रा. पाहुण्यांना आधी कोलाचं फळ देतात, आपल्या विडा-सुपारीसारखं. चवीला कडू, पण नाही म्हणायचं नसतं. प्रार्थना तीन तास चालली. दान पेटीत टाकायला सगळे नाचत पुढे जातात. आम्हीही गेलो, जमेल तसे. नंतर पाद्रीबुवा झाडाखाली बसून हळू आवाजात म्हणाले, "ढोल वाजवणारा पाहिलात? तो लहानपणी बंदूक घेऊन फिरत होता. त्याच्या मागच्या बाकावरच्या बाईचा नवरा त्याच्याच टोळीने नेला." देशात लाखाहून अधिक लोकांनी शस्त्रं खाली ठेवली, त्यांनी जायचं तरी कुठे? ते गावीच परतले.

आम्ही त्या बाईंशी बोललो. त्या म्हणाल्या, तो माझं छप्पर शाकारून देतो, लाकडं फोडून देतो. क्षमा केली का, असं विचारायचा आम्हाला धीर झाला नाही. त्यांनी आपणहून सांगितलं, "मी रोज रविवारी पुन्हा करते. काही रविवारी नाही होत."

हे आम्ही घरी येऊन मैत्रिणीला सांगितलं. तिला आवडलं नाही. "त्या गावात राहायचंय, त्यांना करावंच लागतं," ती म्हणाली. "माझ्याकडे कोणी क्षमा मागायला आलेलं नाही." तिचंही खरं आहे. त्या हत्याकांडाबद्दल एका माजी लष्करी अधिकाऱ्यावर वाचलेल्या चौघांनी २०१८ मध्ये दावा लावला होता. तो माणूस आपल्याच फिलाडेल्फियाच्या उपनगरात राहत होता. तुमच्या-आमच्यासारखा, किराणा आणायला जाणारा. त्याने आरोप नाकारले. २०२१ मध्ये इथल्या फेडरल कोर्टाने त्याला जबाबदार धरलं आणि २०२२ मध्ये ८.४ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. तोवर तो लायबेरियाला निघून गेला होता. खुद्द लायबेरियात मे २०२४ मध्ये अध्यक्ष बोआकाई यांनी युद्धगुन्ह्यांच्या न्यायालयाच्या तयारीसाठी कार्यालय काढायचा आदेश दिला, आणि जुलै २०२५ मध्ये सरकारतर्फे पीडितांची माफी मागितली. मैत्रिणीने ती बातमी फोनवर आम्हालाच वाचून दाखवली. पुढे काहीच बोलली नाही.

चुन्याचं मात्र तिने खोदून खोदून विचारलं. किती बादल्या? किती वाजता? नाव मोठ्याने घेतलंत का? कोणी ऐकलं? त्या दोन बायकांनी आमच्या मागून नाव घेतलं हे सांगितल्यावर तिने डोळे पुसले आणि भात टाकायला उठली. पन्नासातले उरलेले अकरा डॉलर तिने परत घेतले नाहीत. म्हणाली, पुढच्या चुन्याला ठेवा.

आता कामाचं. लायबेरियाला जायचं तर यलो फीव्हरची लस आणि तिचं पिवळं कार्ड लागतं, मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. तेवढं लांब जायचं नसेल तर २६ जुलैला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, वुडलंड ॲव्हेन्यूला एक चक्कर मारा. आपल्या शेजारी हे लोक कित्येक वर्षं राहताहेत आणि आम्ही रात्रपाळी केली नसती तर आम्हालाही त्यांची काही माहिती झाली नसती. फोटो पाहायचे असतील तर दिवाळीच्या कार्यक्रमात भेटा. अल्बम बरोबर आणू.