संजय गांधी निराधार अनुदान योजना (जालना जिल्हा)

संजय गांधी निराधार अनुदान योजना ही निराधार व्यक्तींना दरमहा अर्थसाहाय्य देणारी महाराष्ट्र शासनाची योजना आहे. ती १९८० पासून राबवली जात असून तिचा खर्च राज्य शासन करते. योजना सामाजिक न्याय व विशेष साहाय्य विभागाची असली, तरी प्रत्यक्ष अंमलबजावणी महसूल यंत्रणेमार्फत होते. जालना जिल्ह्यात जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, परतूर, मंठा, अंबड व घनसावंगी या आठ तालुक्यांच्या तहसील कार्यालयांतून तिचे काम चालते.

पात्रता

अर्जदार महाराष्ट्राचा किमान १५ वर्षांपासूनचा रहिवासी व ६५ वर्षांखालील असावा लागतो. निराधार विधवा, घटस्फोटित व परित्यक्ता स्त्रिया, अनाथ मुले, दिव्यांग, तसेच क्षयरोग, कर्करोग, कुष्ठरोग यांसारख्या आजारांमुळे चरितार्थ चालवू न शकणाऱ्या व्यक्ती यांचा लाभार्थ्यांत समावेश होतो. आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या पत्नींचाही त्यात अंतर्भाव आहे. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये असून दिव्यांगांसाठी ती ५०,००० रुपये आहे. वयाच्या ६५ वर्षांनंतर वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना लागू होते.

प्रकरणाची वाटचाल

कार्यालयीन भाषेत प्रत्येक अर्जास 'प्रकरण' म्हणतात. वय, रहिवास व उत्पन्न यांच्या पुराव्यांसोबत प्रवर्गानुसार पतीच्या मृत्यूचा दाखला, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र इत्यादी कागदपत्रे जोडली जातात. तलाठी स्थानिक चौकशी करतो, तहसील कार्यालयात छाननी होते आणि तालुकास्तरीय समितीच्या बैठकीत प्रकरण मंजूर किंवा नामंजूर केले जाते. तहसीलदार या समितीचा सदस्य सचिव असतो. मंजुरीनंतर अनुदान बँक खात्यात जमा होते. ते चालू राहण्यासाठी लाभार्थ्यास दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो.

विधवेची स्थिती मृत्यूच्या दाखल्याने सिद्ध होते. परित्यक्तेजवळ मात्र असा एकच निर्णायक कागद नसतो. त्यामुळे तिच्या प्रकरणात स्थानिक चौकशीच्या अहवालास अधिक महत्त्व येते.

अनुदानाची रक्कम

पूर्वी एकट्या लाभार्थ्यास दरमहा ६०० रुपये मिळत. २०१९ मध्ये ही रक्कम १,००० रुपये व जुलै २०२३ पासून १,५०० रुपये करण्यात आली. २०२५ मध्ये दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ती २,५०० रुपये करण्याचा निर्णय झाला.

उत्पन्नमर्यादेचा प्रश्न

अनुदानाची रक्कम वेळोवेळी वाढली. २१,००० रुपयांची सर्वसाधारण उत्पन्नमर्यादा मात्र दीर्घकाळ तीच राहिली. ही मर्यादा महिन्याकाठी १,७५० रुपये भरते. महाराष्ट्रात २०२४-२५ साठी महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेचा मजुरी दर दिवसाला २९७ रुपये होता. त्या दराने ७० दिवसांची मजुरी २०,७९० रुपये होते आणि ७१ व्या दिवशी मर्यादा ओलांडली जाते. पूर्ण १०० दिवस काम केलेल्या कुटुंबाची मजुरी २९,७०० रुपये होते. म्हणजेच रोजगार हमीच्या कायद्याने देऊ केलेले काम पूर्ण करणारे कुटुंब, नियमाच्या शब्दांनुसार, निराधार अनुदानास अपात्र ठरू शकते. परिणामी उत्पन्नाच्या दाखल्यावरील आकडा हा प्रकरणातील निर्णायक घटक बनतो.

स्थलांतराचा परिणाम

जिल्ह्याची सुमारे चार-पंचमांश लोकसंख्या ग्रामीण असून शेती मुख्यतः पावसावर अवलंबून आहे. अंबड, घनसावंगी, मंठा आदी तालुक्यांतून अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडतात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. या काळात तलाठ्याची चौकशी, कागदपत्रांतील त्रुटींची पूर्तता किंवा हयातीची पडताळणी आल्यास अर्जदार गावात नसतो. पात्रता कायम असूनही अशा वेळी प्रकरण प्रलंबित राहण्याची किंवा अनुदान खंडित होण्याची शक्यता असते.