तूर उभ्या उभ्या का वाळली?



वनस्पतीचे अवयव हा धडा आम्हाला पाठ होता. मूळ, खोड, पान, फूल, फळ. पण तो खरा कळला आमच्या रानातल्या तुरीमुळे.

सोयाबीन निघाले आणि तूर मोकळी झाली. डोक्याएवढी वाढली, पिवळ्या फुलांनी भरली, आणि एकाएकी मधलीच दहाबारा झाडे माना टाकू लागली. आई म्हणाली, "पाणी कमी पडायलंय." आप्पांनी पाणी दिलं. चार दिवसांनी बघतो तर आणखी झाडे वाळलेली. बुडाला चिखल आणि वर झाड वाळकं! हे कसं?

गुरुजी म्हणाले, "एक झाड मुळासकट आणा." ज्वारीचे धसकट ओढले की निघते, कारण त्याची मुळे झुपक्यासारखी असतात. त्यांना तंतुमुळे म्हणतात. तुरीला मात्र सोटमूळ. ते काळ्या रानात एक-दोन मीटर खाली जाते. म्हणून पावसाने ताण दिला तरी तूर तग धरते. आम्हाला कुदळ घ्यावी लागली, तरी शेंडा तुटलाच.

जाड मूळ पाणी पीत नाही बरं का! बारीक मुळांवर केसासारखे मूलरोम असतात, ते पाणी शोषतात. मुळांवर गाठीही होत्या. आप्पांना वाटलं, हाच रोग. पण त्या गाठींत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. ते हवेतला नत्र झाडाला देतात आणि झाड त्यांना साखर देते. निरोगी झाडाची गाठ फोडली तर आत गुलाबी दिसते. करून बघा.

मग गुरुजींनी खोड उभे चिरले. सालीखाली काळ्या रेघा! तिथेच सगळं कळलं. खोडात बारीक नळ्या असतात. जलवाहिन्या मुळातले पाणी वर नेतात, रसवाहिन्या पानात तयार झालेले अन्न सगळीकडे पोचवतात. जमिनीतली एक बुरशी मुळातून शिरते आणि जलवाहिन्या बंद करते. यालाच मर रोग म्हणतात. विहीर भरलेली, पण पाइप बुजलेला!

वर्गात आम्ही पांढऱ्या शेवंतीची दांडी तांबड्या शाईच्या पाण्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी पाकळ्यांवर तांबड्या रेषा आल्या. दुसरी दांडी आम्ही दोऱ्याने आवळली होती, पण तिलाही थोडा रंग चढला. आमची गाठ सैल पडली असावी.

पाणी वर ओढतं कोण? पानं. पानाच्या खालच्या बाजूला पर्णरंध्रे असतात. त्यांतून वाफ बाहेर जाते आणि खालचे पाणी वर ओढले जाते. त्याच रंध्रांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो. हरितद्रव्य उन्हाच्या मदतीने त्याची आणि पाण्याची साखर करते व प्राणवायू बाहेर पडतो. पाणीच नाही तर साखर कुठली? म्हणून आमच्या वाळलेल्या झाडांची फुले गळाली, शेंगांत दाणे पोचट राहिले.

दाण्याचं एक सांगतो. डाळ म्हणजे तुरीच्या बियांतली दोन दले, कोंबाची शिदोरी. सोयाबीनची दले उगवताना मातीवर येतात, तुरीची मातीतच राहतात. पुढच्या पेरणीला वाकून बघा.

ही बुरशी धसकटावर, मातीत तीनेक वर्षे जगते. पाणी देऊन ती जात नाही. आमचे आजोबा ज्वारीत तूर पेरत. त्याने मर कमी होते, हे शास्त्रज्ञांनीही पाहिले आहे. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने काढलेला बीएसएमआर ७३६ हा वाण मर रोगाला दाद देत नाही. पेरताना बियाण्याला ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी चोळली तरी फायदा होतो. आप्पांनी रोगट झाडे उपटून जाळली. पुढच्या वर्षी त्या तुकड्यात ज्वारी घ्यायची ठरली आहे. आई म्हणते, "कडबा तरी होईल."

चिरलेल्या खोडाची दोन फाके या कागदाखाली दोऱ्याने बांधली आहेत. काळी रेघ जवळून बघा, पण तोडू नका. पाचवीच्या मुलांनी अजून बघितली नाहीत.

– इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी