खेळाची चित्रफीत अडखळते? नवा संगणक घेण्याआधी हे पाहा

सांगलीहून बहिणीचा फोन आला. "दादा, बचत गटातून कर्ज उचलते. पोरगं म्हणतंय कॉम्प्युटर बदलायला लागतोय." बहीण हळदीच्या वखारीत कामाला जाते. जुना संगणक घेऊन दीड वर्षही झाले नव्हते. आम्ही रविवारी सकाळीच साताऱ्याहून एस.टी. धरली.

भाच्याची तक्रार अशी, की माइनक्राफ्ट खेळताना खेळ बरा चालतो. पण त्याचीच नोंदलेली चित्रफीत पाहावी तर ती अडखळते, उड्या मारते. दुकानदाराने यंत्र न उघडताच "मशीन जुनं झालं" असा निकाल दिला होता. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. परंतु हिशेब जुळत नसेल तर चूक कोणत्या पानावर आहे, हे आधी शोधावे एवढे आम्हाला कळते.

इथे पाने दोनच. नोंद मुळात बिघडली, की नोंद चांगली असून दाखवताना अडते? तीच फाईल मोबाईलवर लावली. तिथेही अडखळली. मग व्हीएलसीमध्ये थांबवून 'ई' ही कळ एकेकदा दाबत गेलो. एकच चित्र तीन-तीनदा, आणि नंतर एकदम उडी! म्हणजे चित्रे नोंदतानाच गळाली होती. तंबूतल्या सिनेमात रीळ तुटले की ऑपरेटर चार चित्रे कापून जोड देई, आणि दारातला नायक एकदम खुर्चीवर दिसे. तसेच हे.

सेकंदाला ६० चित्रे म्हणजे एका चित्राला सेकंदाचा साठावा भाग. तेवढ्यात खेळ रंगवायचा, चित्र दाबून लहान करायचे आणि साठवायचे. उशीर झाला की चित्र सुटते. भाचा ओबीएस स्टुडिओ या फुकट मिळणाऱ्या प्रणालीने नोंद करतो. तिच्यात 'स्टॅट्स' नावाची खिडकी आहे. 'एन्कोडिंग लॅग'चा आकडा तिथे वाढत होता. म्हणजे दाबण्याचे काम मुख्य प्रोसेसरला झेपत नव्हते. ते काम आम्ही इंटेलच्या 'क्विक सिंक'कडे सोपवले. शिवाय १९२० बाय १०८० ठिपके आणि ६० चित्रे यांऐवजी १२८० बाय ७२० आणि ३० केले. सेकंदाला सुमारे साडेबारा कोटी ठिपक्यांचे काम पावणेतीन कोटींवर आले!

'रेंडरिंग लॅग' वाढत असेल तर मात्र भार ग्राफिक्सवर असतो. अशा वेळी खेळाचीच चित्रसंख्या आणि दृश्याचे अंतर कमी करावे. फाईल एमकेव्ही प्रकारात ठेवावी, वीज गेली तरी तोवरची नोंद सहसा वाचते.

एखाद्याची फाईल मोबाईलवर नीट आणि जुन्या संगणकावरच अडखळत असेल, तर बहुधा ती एचईव्हीसी प्रकारची असते. हँडब्रेक या फुकट प्रणालीने ती एच.२६४ मध्ये बदलावी. मोबाईलवरच्या नोंदीत चित्रांची गती कमीजास्त होते, म्हणून तिथे 'कॉन्स्टंट फ्रेम रेट' निवडावा.

गळालेली चित्रे परत येत नाहीत. भाच्याच्या जुन्या अकरा फिती तशाच राहिल्या. त्याचे तोंड उतरले. संध्याकाळची नवी नोंद मात्र पाण्यासारखी वाहिली. बहिणीने गटाच्या ताईंना फोन करून कर्जातून नाव काढले. तेवढ्यात भाचा म्हणाला, "मामा, आता माइक..."

आम्ही चहा मागितला.