अनुभव आणि पडताळा

अनुभवासारखा गुरू नाही, असे आपण नेहमी म्हणतो. पण अनुभव म्हणावयाचे तरी कशाला?

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक (१६३२-१७०४) याने जन्मलेल्या माणसाच्या मनाला कोऱ्या कागदाची उपमा दिली. त्यावर जे उमटते ते अनुभवाने. या विचाराला अनुभववाद म्हणतात. आपल्याकडे चार्वाकांनी प्रत्यक्ष हेच प्रमाण मानले. नैयायिकांनी त्याला अनुमान, उपमान आणि शब्द यांची जोड दिली.

आता नाशिक जिल्ह्यातली द्राक्षबाग पाहा. थंड देशांत हिवाळ्यात वेलीची पाने झडतात, वेल झोपी जाते आणि वर्षाला एकच मुख्य छाटणी होते. आपल्या उष्ण हवेत वेल तशी झोपतच नाही. म्हणून इथे छाटण्या दोन. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी; तिने नवी काडी तयार होते. ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी; तिने त्या काडीतला घड बाहेर येतो. ही रीत इथल्या वेलीचे वागणे पाहूनच बसली.

पण नुसता अनुभव फसवतोही, बरं का! समजा, एकाने फळछाटणी लवकर उरकली आणि त्याला भाव चढा मिळाला. शेजाऱ्यांनी तोच नियम धरला. पुढच्या वर्षी ऐन फुलोऱ्यात पाऊस झाला, घड कुजले आणि वर्षाचा खर्च अंगावर आला. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. पोळणे खरे, पण ताकाबद्दलचा निष्कर्ष चुकीचा. एका वर्षाच्या भावाचेही तसेच.

मग करावे काय? एकाच बागेत दोन ओळी घ्या. खत-पाणी सारखे ठेवा, बदल एकच करा. तारीख आणि पाऊस वहीत टिपा. दोन-तीन हंगाम पडताळा पाहा, मगच सारी बाग पणाला लावा.

गुरुजींनी हेच वर्गात करावे. हरभऱ्याच्या दोन कुंड्या घ्या. एक उजेडात, एक अंधारात. कोणते रोप उंच वाढेल, हे मुलांना आधी विचारा. पुष्कळ मुले उजेडातले म्हणतील. आठवड्याने पाहावे, तो अंधारातलेच उंच. मात्र पिवळे आणि लेचेपेचे! तेव्हा उत्तर आधी सांगू नका. मुलांना कुंड्या पाहू द्या आणि असे का झाले, ते त्यांनाच विचारू द्या.