ठिणगी जरा आधीच!

अमेरिकेत १९७०च्या दशकातले शेवरले पिकअप ट्रक अजून हौसेने चालवले जातात. ३५० घनइंचाचं पेट्रोल व्ही-८ इंजिन, आणि ठिणगीची वेळ हाताने लावायची. (आपले बहुतेक ट्रक डिझेलचे, त्यांत ठिणगीचं प्रकरणच नाही.)

पिस्टन वर पोचल्यावर ठिणगी पडली तर उशीर होतो, कारण पेट्रोल-हवेच्या मिश्रणाला जळायला साधारण दोन मिलिसेकंद लागतात. मिनिटाला ६०० फेऱ्या असताना ८ अंश आधी ठिणगी म्हणजे २.२ मिलिसेकंदांची आघाडी. ३००० फेऱ्यांना तेवढ्याच वेळात क्रँक ४० अंश फिरतो! म्हणून वेग वाढला की सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधली वजनं फाकतात आणि ठिणगी आणखी अलीकडे आणतात.

ही वेळ लावताना आधी डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करायचं, टायमिंग लाइटचा चिमटा पहिल्या सिलिंडरच्या वायरीला लावायचा. लाइट लुकलुकते आणि गरगरत्या पुलीवरची खडूची रेघ चक्क जागीच उभी दिसते. मग डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करून, रेघ ८ अंशांच्या खुणेशी जुळेपर्यंत डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवायचा. ठिणगी फारच आधी आणली तर चढावर इंजिन खडखडतं. दुर्लक्ष केलंत तर पिस्टनला भोकही पडू शकतं.

बोल्ट आवळल्यावर रेघ पुन्हा बघा. आवळताना ती बऱ्याचदा सरकते.