खड्ड्यांच्या रस्त्यावर मोठे अलॉय की उंच टायर? गाडीची चाके निवडताना काय पाहाल?

पावसाळा सुरू झाला की टायरच्या दुकानांत एका ठरावीक तक्रारीच्या गाड्यांची रांग लागते. खड्ड्यात एकदाच 'धाड्' असा आवाज आला, गाडी पुढे नीट चालली आणि दोन दिवसांनी पाहिले तर टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा. कधी टायर शाबूत असतो, पण अलॉयला बारीक तडा गेलेला असतो आणि रोज सकाळी हवा कमी झालेली दिसते.

हा प्रश्न केवळ खर्चाचा नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार, २०२२ या एका वर्षात खड्ड्यांमुळे झालेल्या अपघातांत देशभरात १,८५६ जणांचा मृत्यू झाला. रस्ते दुरुस्त करणे हे यंत्रणांचे काम आहे. पण खराब रस्त्यावर आपली गाडी कोणत्या चाकांवर चालवायची, हे मालकाला ठरवता येते. त्यासाठी टायरवरचे आकडे वाचता आले पाहिजेत.

टायरवरचे आकडे काय सांगतात?

समजा टायरवर १८५/६५ आर १५ असे लिहिले आहे. यातील १८५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी. ६५ म्हणजे त्या रुंदीच्या ६५ टक्के इतकी टायरच्या बाजूच्या भिंतीची, म्हणजेच साइडवॉलची उंची. 'आर' म्हणजे रेडियल बांधणी आणि १५ हा रिमचा इंचातील व्यास.

खराब रस्त्यासाठी यातला सर्वांत महत्त्वाचा आकडा मधला आहे, आणि बहुतेक ग्राहक नेमके त्याच्याकडेच दुर्लक्ष करतात. १८५ चे ६५ टक्के म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर. रिमची कड आणि रस्ता यांच्यामध्ये एवढीच उशी असते. ती रबराची दिसत असली, तरी प्रत्यक्षात गाडीचा भार पेलते ती आतली हवा.

खड्ड्यात नेमके काय मोडते?

चाक खड्ड्याच्या धारदार कडेवर आदळते तेव्हा टायर त्या जागी दाबला जातो. उशी पुरेशी उंच असेल तर धक्का हवेत आणि पुढे सस्पेन्शनमध्ये जिरतो. उशी कमी पडली तर टायरची भिंत खड्ड्याची कड आणि रिमची कड यांच्यात चिमटली जाते. या चिमट्यात भिंतीच्या आतले धागे तुटतात. वरचे रबर शाबूत दिसते, पण धागे तुटलेल्या जागी आतली हवा त्याला बाहेर ढकलते. हाच तो फुगा.

फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. पंक्चर काढावे तसे त्याला ठिगळ लावता येत नाही, कारण तुटलेले धागे पुन्हा जोडता येत नाहीत. असा टायर वेगात असताना फुटू शकतो. त्यामुळे तो लगेच बदलणे आणि तोवर स्टेपनी लावणे हाच मार्ग उरतो.

मोठे रिम लावल्याने गाडी उंच होते का?

हा मोठा गैरसमज आहे. मारुती स्विफ्टचे उदाहरण घेऊ. तिच्या सुरुवातीच्या प्रकारांत १६५/८० आर १४, तर वरच्या प्रकारांत १८५/६५ आर १५ टायर मिळतात. बाहेरून चाके बदलणारे अनेक जण त्यापुढे जाऊन १९५/५५ आर १६ बसवतात. या तिन्ही टायरांचा गणिताने काढलेला एकूण व्यास जवळपास सारखाच, सुमारे ६२० मिलिमीटर येतो. म्हणजे गाडी जमिनीपासून उंच होत नाही.

बदलते ती फक्त उशी. १४ इंची रिमवर साइडवॉल १३२ मिलिमीटर आहे, १५ इंचीवर १२०, तर १६ इंचीवर जेमतेम १०७. म्हणजे रिम दोन इंचांनी वाढवले की धक्का झेलणारी उशी सुमारे २५ मिलिमीटरने कमी होते. गुळगुळीत रस्त्यावर कमी उंचीचा टायर वळणावर कमी दबतो आणि गाडी स्टिअरिंगला चटकन प्रतिसाद देते. पण पेव्हर ब्लॉक उखडलेल्या गल्लीत किंवा घाटातल्या उखडलेल्या डांबरावर हाच टायर आधी हार मानतो.

एकूण व्यास वाढवून गाडी उंच करता येते, पण फायदा निम्माच मिळतो. व्यास २० मिलिमीटरने वाढला तर गाडी फक्त १० मिलिमीटरने उचलली जाते. त्याच वेळी स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू लागतो आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या भागाला घासण्याची शक्यता वाढते. म्हणूनच एकूण व्यासातला फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवावा, असा ढोबळ नियम पाळला जातो.

स्टील की अलॉय?

गॅरेजच्या भाषेत ज्याला 'डिस्क' म्हणतात, ते स्टीलचे रिम जोरदार आदळले तर वाकते. वाकलेली कड बऱ्याचदा ठोकून सरळ करता येते आणि नवे घ्यावे लागले तरी ते अलॉयपेक्षा स्वस्त पडते. ओतीव अ‍ॅल्युमिनियमचे अलॉय कडक असते. ठराविक मर्यादेपलीकडे ते वाकण्याऐवजी तडकू शकते. तडा वेल्डिंगने बुजवून देणारे कारागीर सापडतात, पण तापवल्याने धातूची मूळ ताकद त्या जागी कमी होते. असे चाक पुन्हा महामार्गाच्या वेगाला वापरणे धोक्याचे ठरते.

याचा अर्थ अलॉय वाईट असा नाही. त्याच मापात ते सहसा हलके असते आणि दिसते चांगले. पण अलॉयच हवे असेल तर रिमचा व्यास वाढवू नये. चाकावर आयएसआय किंवा जपानी मानकाची जेडब्ल्यूएल खूण आणि भारक्षमतेचा आकडा आहे का, हे पाहावे. बोल्टच्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी, मधल्या छिद्राचे माप आणि चाक किती आत-बाहेर बसते ते सांगणारा ऑफसेट, ही तिन्ही मापे मूळ चाकाशी जुळली पाहिजेत. चाक बाहेर आले की बेअरिंगवरचा ताण वाढतो.

रिम एक इंचाने कमी करता येईल का?

बऱ्याचदा येते आणि खराब रस्त्यासाठी तो सर्वांत शहाणपणाचा बदल ठरतो. मात्र छोटे रिम पुढच्या ब्रेक कॅलिपरला घासता कामा नये. म्हणून सोपा मार्ग असा की, आपल्याच मॉडेलच्या, त्याच पिढीच्या आणि त्याच इंजिनाच्या खालच्या प्रकारात कंपनी कोणते माप देते ते शोधायचे. ते माप ब्रेक, भार आणि मडगार्ड यांचा विचार करूनच ठरवलेले असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. त्या दृष्टीनेही कंपनीच्या मापांत राहणे बरे.

नवी गाडी घेणाऱ्यांनीही हा विचार करावा. रोजचा प्रवास खड्ड्यांतून असेल तर सर्वांत वरच्या प्रकारातली मोठी चाके ही सोय नसून डोकेदुखी ठरू शकते.

मापानंतरचा आकडा आणि अक्षर कशासाठी?

मापापुढे '८८ एच' असे काहीसे लिहिलेले असते. ८८ हा लोड इंडेक्स असून त्याचा अर्थ एक टायर ५६० किलोपर्यंत भार पेलू शकतो. ८५ म्हणजे ५१५ किलो. 'एच' म्हणजे कमाल २१० किलोमीटर प्रतितास वेगासाठी योग्य, 'टी' म्हणजे १९०. कंपनीने सांगितलेल्यापेक्षा कमी लोड इंडेक्सचा टायर कधीही घेऊ नये. पाच जण, डिकीत सामान आणि त्यात खड्डा अशा वेळी तो आकडाच कामी येतो.

बाजूवर चार आकड्यांचा एक शिक्काही असतो. '२३२४' म्हणजे २०२४ च्या २३ व्या आठवड्यात तयार झालेला टायर. 'नवा' म्हणून दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला माल यावरून ओळखता येतो.

ऑल-टेरेन टायर घ्यावेत का?

खोल नक्षीचे एटी टायर माती, खडी आणि चिखलावर उपयोगी पडतात. शेतापर्यंत कच्चा रस्ता असेल किंवा खडीच्या वाटेने रोज जावे लागत असेल, तर एसयूव्हीला ते शोभतात. पण डांबरावर ते आवाज करतात, इंधन थोडे जास्त खातात आणि ओल्या रस्त्यावर त्यांचे ब्रेकिंग अंतर वाढू शकते. शहरातला खड्डा म्हणजे तुटलेले डांबर, चिखल नव्हे. तिथे नक्षीपेक्षा उशीची उंची महत्त्वाची. त्यामुळे बहुतेकांना उंच साइडवॉलचा साधा रोड टायरच पुरतो.

हवा कमी ठेवली तर धक्के कमी बसतील?

आतल्या माणसांना कमी बसतील, पण रिमला जास्त. हवा कमी असली की टायर लवकर चिमटतो, शिवाय तापतो. जास्त हवा भरली तर टायर दगडासारखा कडक होतो आणि आघाताने धागे तुटू शकतात. योग्य दाब चालकाच्या दाराच्या खांबावर किंवा इंधनाच्या झाकणामागे लिहिलेला असतो. तो टायर थंड असताना, दर पंधरवड्याला तपासावा. स्टेपनीची हवाही विसरू नये. जुलै २०२० मधील नियमबदलानंतर टायरचा दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्ती किट असेल तर स्टेपनीशिवाय गाडी विकता येते. पण फुटलेल्या भिंतीवर किट चालत नाही. त्यामुळे खरेदीपूर्वी डिकी उघडून पाहावी.

वेगाचे गणितही लक्षात ठेवावे. ताशी ३० ऐवजी ६० च्या वेगाने खड्ड्यावर आदळणाऱ्या गाडीची गतिज ऊर्जा चौपट असते. खड्डा टाळता येत नसेल तर आधीच वेग कमी करावा आणि कडेशी पोहोचताना ब्रेकवरचा पाय उचलावा. ब्रेक दाबलेला असताना गाडीचे नाक खाली झुकते आणि पुढच्या सस्पेन्शनला धक्का जिरवायला जागा कमी उरते.

विमा भरपाई देतो का?

नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत फक्त टायर खराब झाला तर भरपाई मिळत नाही. त्याच वेळी गाडीचेही नुकसान झाले असेल तरच, आणि तेही बदलण्याच्या खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते. टायरसाठीचे वेगळे संरक्षण जादा हप्ता भरून घेता येते. काही टायर कंपन्या फुगा आणि काप यांनाही वॉरंटी देतात, पण नोंदणीची मुदत पाळावी लागते. नवा टायर घेतला की बिल जपून ठेवावे आणि ती नोंदणी त्याच दिवशी उरकावी.

दुकानात जाण्यापूर्वी एवढे करा: दाराच्या खांबावरचे माप मोबाइलवर टिपून घ्या, त्याच मॉडेलच्या खालच्या प्रकाराचे माप शोधा आणि दोन्हींच्या साइडवॉलची उंची गुणाकार करून काढा. लोड इंडेक्स पुरेसा असेल आणि ब्रेकला जागा असेल, तर खड्ड्यांच्या रस्त्यासाठी जास्त उंचीचा पर्याय निवडा.