१८९१ च्या पुण्यात पुरोगामी कोण?

पुरोगामी एका टोकाला, सनातनी दुसऱ्या, आणि बाकी सगळे मधल्या पट्टीवर कुठेतरी, असं राजकारणाचं चित्र आपल्या डोक्यात घट्ट बसलेलं असतं. ही पट्टी १८९१ च्या पुण्यावर ठेवून बघा. एकही मोठा माणूस तिच्यावर नीट बसत नाही!

वाद होता संमतिवयाच्या बिलाचा. शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय दहावरून बारा करायचं, आणि नवऱ्यालाही त्यातून सूट नाही. कलकत्त्यात फुलमणी दासी ही जेमतेम दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली, तेव्हापासून या मागणीने जोर धरला होता. लोकमान्य टिळकांनी बिलाला कडाडून विरोध केला. राजकारणात जहाल असलेला माणूस इथे सनातन्यांच्या बाजूला, आणि अर्ज-विनंत्यांच्या मार्गाने जाणारे मवाळ न्यायमूर्ती रानडे सुधारणेच्या बाजूला.

खरं नवल पुढेच आहे. आदल्याच वर्षी टिळकांनी सुधारकांपुढे स्वतःची कलमं ठेवली होती: मुलीचं लग्न सोळाच्या आत नको, मुलाचं विसाच्या आत नको, विधवांचं केशवपन नको. मात्र सह्या करणाऱ्यांनी हे नियम आधी स्वतः पाळायचे. बाराच्या कायद्याला विरोध करणारा माणूस सोळा म्हणत होता! परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, हा त्यांचा मुख्य आक्षेप. मला तो समजतो, पटत नाही. समाजाचं मन वळेपर्यंत पुढारी थांबू शकत होते; फुलमणीच्या वयाच्या मुली कशा थांबणार?

बिलाच्या बाजूचे तरी एका विचाराचे होते का? रा. गो. भांडारकरांनी धर्मग्रंथ उघडून दाखवलं की हा कायदा शास्त्राला सोडून नाही. आगरकरांना शास्त्राधाराची गरजच वाटत नव्हती. विवेकाला पटलं की पुरे. दोघांवर शिक्का एकच, सुधारक. बदल हवा का, तो कोणी करायचा, कशाच्या आधारावर करायचा, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचं उत्तर कळत नाही.

जोतीराव फुल्यांचा प्रश्न तर चौथाच होता: बदल कोणासाठी? इंग्रजी अमलात शूद्रातिशूद्रांना शिकायची वाट मोकळी झाली, म्हणून तो त्यांना पेशवाईपेक्षा बरा वाटे. तरीही कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर सुटले, तेव्हा त्या दोघांचा सत्कार करायला फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे लोक पुढे आले होते.